नळीने भरवलेल्या हंसाचे यकृत : साठा की आजार?

धागाकर्ता : पाणवठा

'फ्वा ग्रा' (सक्तीने भरवलेल्या हंसा-बदकाचे चरबीदार यकृत) या फ्रेंच पदार्थावरची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन वाक्यांत आटोपते. एक पक्ष 'हे क्रौर्य आहे' असे म्हणतो आणि दुसरा 'हे पक्षी स्थलांतरापूर्वी निसर्गतःच चरबी साठवतात' असे उत्तर देतो. ज्या यकृतावरून हा सगळा वाद आहे, त्याच्या आत काय घडते याकडे मात्र दोघेही फारसे लक्ष देत नाहीत. भारताने जुलै २०१४ मध्ये या पदार्थाची आयात बंद केल्यामुळे तो खावा की खाऊ नये हा प्रश्न आपल्यापुरता निकालात निघालेला आहे. म्हणून या धाग्यात खाद्यसंस्कृतीवर न बोलता शरीरक्रियेवर बोलावे, अशी विनंती आहे.

प्रथम पद्धत सांगतो. या कामासाठी मुख्यतः नैऋत्य फ्रान्समधील लांद या प्रदेशाच्या नावाने ओळखला जाणारा राखाडी हंस पाळला जातो. पिल्ले पहिले दोन-अडीच महिने इतर पाळीव पक्ष्यांप्रमाणेच, बऱ्याचदा गवताच्या कुरणावर, वाढवतात. त्यानंतर खाद्य मोजून आणि ठरावीक वेळीच दिले जाते. त्यामुळे भुकेला पक्षी ते अधाशीपणे गिळतो आणि त्याच्या अन्ननलिकेचा खालचा भाग ताणला जाऊ लागतो. हंसाला कोंबडीसारखी स्पष्ट अन्नपिशवी नसते, त्यामुळे अन्न साठवण्याचे काम अन्ननलिकेच्या याच फुगणाऱ्या भागाकडे असते. पक्षी साधारण तीन महिन्यांचा झाला की सक्तीने भरवणे सुरू होते. चोच उघडून एक लांब नळी थेट अन्ननलिकेत उतरवली जाते आणि शिजवलेला किंवा भिजवलेला मका तिच्यातून आत ढकलला जातो. हंसाच्या बाबतीत हे दिवसातून तीन-चार वेळा, सुमारे तीन आठवडे चालते आणि अखेरीस दिवसाचा मका एक किलोच्या आसपास पोहोचतो.

बदकांचे काम याहून झटपट उरकते. त्यांना दिवसातून दोनदा, पंपाच्या साहाय्याने, काही सेकंदांत मक्याची ओली लापशी भरवली जाते आणि हा काळ दोन आठवड्यांच्या आत संपतो. हंसाला लागणारे जादा कष्ट आणि मनुष्यबळ हेही फ्रान्समधील उत्पादन जवळजवळ पूर्णपणे बदकांकडे वळण्याचे एक कारण आहे. हंसाच्या यकृताचा मोठा उत्पादक आज हंगेरी आहे आणि चीनमध्येही शान्तुंग व आन्ह्वे प्रांतांत लांद हंसांचे मोठे कळप आहेत.

आता यकृताकडे वळू. एरवी शंभर ग्रॅमच्या आसपास असणारे यकृत या तीन आठवड्यांत आठशे ग्रॅम ते एक किलोपर्यंत जाते. पक्ष्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असणारा अवयव दहा टक्क्यांच्या घरात पोहोचतो. निरोगी यकृतात चरबीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते, तर या यकृतात ते निम्म्याहून अधिक असते. नव्या पेशींची भर पडण्यापेक्षा आहेत त्याच पेशी चरबीच्या थेंबांनी फुगणे, हे या वाढीचे मुख्य स्वरूप आहे.

माझा प्रश्न असा आहे : ही फुगलेली पेशी आजारी म्हणायची की केवळ भरलेली?

प्रतिसाद : मळणी

उत्तम मांडणी. एक प्राथमिक शंका आहे. मक्यात चरबी मुळात फारच थोडी असते, चार-पाच टक्के. मग एवढी चरबी यकृतात येते कुठून? आमच्या गोठ्यात व्यायल्यानंतर गाईला जो 'फॅटी लिव्हर' होतो, त्यात गाय खाणे कमी करते, अंगावरची चरबी वितळून रक्तात उतरते आणि यकृतात जाऊन बसते, असे आमचे डॉक्टर सांगतात. हंसाला तर उलट खाणे जास्त होते आहे.

प्रतिसाद : चोच आणि पिसे

मळणी, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी पशुवैद्यक असून माझे बहुतेक काम अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडवर असते, त्यामुळे हंसांविषयी जे लिहितो ते वाचनावर आधारलेले आहे आणि कोंबडीविषयी जे लिहितो ते हाताखालून गेलेले आहे.

गाईच्या यकृतात चरबी बाहेरून येते. हंसाच्या यकृतात ती जागच्या जागी तयार होते. गाय नवीन चरबी मुख्यतः मेदपेशींमध्ये बनवते, पक्षी मात्र ती प्रामुख्याने यकृतात बनवतो. मक्यातील स्टार्चचे ग्लुकोज होते आणि गरजेपेक्षा जास्त झालेल्या ग्लुकोजपासून यकृतातील विकरे मेदाम्ले तयार करतात. म्हणूनच यकृत स्वतः बनवते ते ओलेइक आम्ल येथे भरपूर सापडते आणि मक्यातून मिळणाऱ्या लिनोलेइक आम्लाचे प्रमाण त्या मानाने घटते. चरबी थेट खाद्यातून आली असती तर चित्र वेगळे दिसले असते.

तयार झालेली चरबी यकृताने लिपोप्रोटीनच्या वेष्टनात बांधून रक्तात पाठवायची आणि मेदपेशींनी ती उचलून घ्यायची, असा नेहमीचा व्यवहार आहे. या वेष्टनासाठी प्रथिने आणि फॉस्फोलिपिड लागतात व त्यासाठी कोलीन आणि मेथिओनीन ही पोषकद्रव्ये हवी असतात. एकट्या मक्यात या दोन्हींची टंचाई असते. म्हणजे कारखान्यात कच्चा माल ढिगाने येतो आहे, उत्पादन जोरात चालू आहे आणि माल बांधून पाठवायला पोती मात्र अपुरी आहेत. मग गोदाम तुंबते.

यात जातीचा वाटाही मोठा आहे. लांद हंस आणि पोलिश हंस यांना जवळपास सारखेच खाद्य भरवून फ्रेंच संशोधकांनी तुलना केली, तेव्हा लांद हंसाचे यकृत पोलिश हंसाच्या सुमारे दुप्पट झालेले आढळले. पोलिश हंसाचे यकृत चरबी रक्तात सोडून देते आणि ती त्वचेखाली व पोटात साठते. लांद हंसाचे यकृत ती स्वतःकडेच अडवून ठेवते. पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून माणसाने हा 'दोष' मुद्दाम जपला आहे.

आता कोंबडीविषयी. जास्त ऊर्जेच्या खाद्यावर पिंजऱ्यात वाढणाऱ्या, भरपूर अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये 'फॅटी लिव्हर हेमरेजिक सिंड्रोम' नावाचा विकार आम्ही नेहमी पाहतो. उन्हाळ्यात शेडवाला सांगतो की पक्षी एकदम चांगला होता, अंडीही देत होता आणि सकाळी मेलेला सापडला. तुरा पांढरा फटक पडलेला असतो. पोट उघडले की यकृत पिवळसर, कडा गोलसर झालेले आणि इतके ठिसूळ असते की उचलताना बोटे आत जातात. त्याच्या पृष्ठभागावर रक्ताची जाडसर गुठळी बसलेली दिसते, कारण यकृताचे आवरण फाटून आतल्या आत रक्तस्राव झालेला असतो. आम्ही याला बिनदिक्कत रोग म्हणतो, खाद्यातली ऊर्जा कमी करतो आणि कोलीन वाढवतो. तेच पिवळे यकृत हंसात दिसले की त्याला उत्पादन म्हणायचे, हा फरक शरीरशास्त्राने केलेला नाही, एवढेच तूर्त नोंदवतो.

प्रतिसाद : सांगोपांग

चर्चा एका बाजूला झुकते आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिला मुद्दा. माणसाच्या मेदयुक्त यकृताची पुढची पायरी म्हणजे दाह, मग तंतूंचे जाळे आणि शेवटी सिरोसिस. सक्तीने भरवलेल्या हंसाच्या यकृतात इतकी प्रचंड चरबी असूनही दाहाची ठळक चिन्हे सहसा दिसत नाहीत. चीनमधील यांगचौ विद्यापीठातील संशोधकांनी याचा बराच पाठपुरावा केला आहे. अशा यकृतात प्रतिकारशक्तीच्या 'कॉम्प्लिमेंट' साखळीतील जनुके दबलेली असल्याचे त्यांना आढळले आणि हंसाकडे दाहापासून बचावाची स्वतःची यंत्रणा असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. माणसाच्या आजारावर उपाय सापडेल या आशेनेही या पक्ष्याचा अभ्यास होतो.

दुसरा मुद्दा. हे परिवर्तन उलटते. भरवणे थांबवून पक्ष्यांना साध्या खाद्यावर सोडले, तर काही आठवड्यांत यकृत मूळ आकाराच्या जवळ येते, हे फ्रान्समध्ये प्रयोगांनी दाखवले गेले आहे. जो बदल पूर्णपणे उलटतो त्याला रोग म्हणण्यापूर्वी विचार करावा.

तिसरा मुद्दा तणावाचा. फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेने भरवण्याच्या काळात कॉर्टिकोस्टेरोन या तणावाच्या संप्रेरकाची मोजणी केली, तेव्हा त्यात लक्षणीय वाढ आढळली नाही. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी स्वतंत्रपणे उघडते, त्यामुळे नळी अन्ननलिकेत असताना तो श्वास घेऊ शकतो. शिवाय हे पक्षी मोठे मासे अखंड गिळतात, त्यांच्या घशाला एवढ्याने काय होणार?

प्रतिसाद : उजनीकाठ

इतर बाबींवर जाणकार बोलतील. माशांपुरते मला बोलू द्या. मासे अखंड गिळतो तो पाणकावळा किंवा बगळा. हंस गवत खातो. त्याच्या चोचीच्या कडेची दातेरी रचना गवत खुडण्यासाठी असते. आमच्याकडे भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब (रानहंसाची एक जात) सकाळ-संध्याकाळ काठावरच्या शेतात आणि गवतात चरताना दिसतात. त्यांच्या शेजारी पाणकावळे मासे मारत असतात, पण कादंबाला त्यात काडीचा रस नसतो. हंसाच्या घशाचे समर्थन माशावरून करू नये.

स्थलांतराच्या युक्तिवादाबद्दलही थोडे लिहितो, कारण धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात तो आला आहे. परतीच्या प्रवासापूर्वी हे पक्षी खूप खातात आणि जाड होतात हे खरे आहे. पण ही शिदोरी मुख्यतः त्वचेखाली आणि पोटाच्या पोकळीत साठते. यकृतातली चरबीही वाढते, परंतु तिची पातळी पक्षी उडू शकेल अशीच राहते, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण या पक्ष्याला पुढे हिमालय ओलांडायचा असतो. शरीराच्या दशांश वजनाचे यकृत घेऊन तो धरणाची भिंतही ओलांडणार नाही. ज्या जातीच्या पूर्वजात हंगामी साठ्याची सोय होती, त्याच जातीवर माणसाने हे तंत्र उभारले, इतकेच या युक्तिवादातून निघते.

प्रतिसाद : पाणवठा (धागाकर्ता)

सांगोपांग यांचे आभार मानतो, कारण त्यांचे पहिले दोन मुद्दे तथ्य म्हणून मला मान्य आहेत. मतभेद आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षाबद्दल.

बदल उलटतो म्हणजे पक्षी निरोगी होता, असे होत नाही. माणसाला कावीळ होते आणि बरी होते, म्हणून ती कावीळ नव्हती असे आपण म्हणत नाही. शिवाय प्रत्यक्ष व्यवसायात हा बदल उलटू दिला जात नाही, कारण भरवण्याचा शेवटचा दिवस संपला की पक्षी कापला जातो. तो दिवस निवडण्याचे गमक कौशल्याचे आहे : यकृत विक्रीयोग्य आकाराचे व्हावे, पण पक्षी मरू लागण्यापूर्वी. दाह, तंतूमयता वगैरे पुढच्या पायऱ्या दिसत नाहीत याचे एक कारण हंसाची स्वतःची यंत्रणा असेल, हे मी नाकारत नाही. दुसरे कारण मात्र साधे आहे. माणसाच्या यकृतात त्या पायऱ्या यायला वर्षे लागतात आणि या पक्ष्याच्या वाट्याला तीन आठवडे येतात. त्याला पुढचा आजार व्हायला वेळच मिळत नाही.

युरोपीय आयोगाच्या पशुआरोग्य व पशुकल्याण विषयक वैज्ञानिक समितीचा डिसेंबर १९९८ चा अहवाल या विषयावरचा अजूनही सर्वांत समतोल दस्तऐवज वाटतो. समितीने उद्योगाची बाजू सविस्तर तपासली, यकृत पूर्ववत होऊ शकते हेही नोंदवले. तरीही तिचा निष्कर्ष असा होता की सध्याच्या स्वरूपातील सक्तीचे भरवणे पक्ष्याच्या कल्याणास बाधक आहे. अहवालातील एक आकडा मला विशेष बोलका वाटतो. भरवण्याच्या दोन आठवड्यांत मृत्यूचे प्रमाण २ ते ४ टक्के आढळले, तर तशाच इतर बदकांमध्ये ते सुमारे ०.२ टक्के होते. 'फक्त भरलेले' यकृत मृत्यूदर दहापटीने वाढवत नाही.

कॉर्टिकोस्टेरोनबद्दल दोन गोष्टी. ते प्रयोग मुख्यतः संकरित नर बदकांवर झाले होते, ते हंसाला जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे. दुसरे, तणावाचे संप्रेरक मोजणे हा एक निकष झाला, वागणूक हा दुसरा. समितीच्या सदस्यांनी पाहिलेले पक्षी अखेरच्या दिवसांत धापा टाकत होते आणि नीट चालू शकत नव्हते, तरीही भरवणाऱ्या माणसापासून दूर सरकण्याचा प्रयत्न करत होते. त्याच अहवालानुसार घशाचा भाग संवेदनक्षम असतो आणि नळी घालताना तेथील नैसर्गिक प्रतिक्षिप्त क्रियेवर मात करावी लागते.

यकृताच्या आकाराचे परिणाम यकृतापुरते थांबत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. पक्ष्याच्या शरीरात श्वासपटल नसते. फुप्फुसे पाठीला चिकटलेली असतात आणि हवा खेळवण्याचे काम पोटापर्यंत पसरलेल्या वायुकोशांकडे असते. पोटात किलोभराचा अवयव वाढला की वायुकोशांची जागा आक्रसते, म्हणून धाप लागते. पोट रुंदावल्याने पाय बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि चाल फेंगडी होते.

प्रतिसाद : तुलूझवासी

मी नैऋत्य फ्रान्समध्ये, तुलूझच्या बाजूला नोकरीनिमित्त राहतो. समातां नावाच्या गावात सोमवारी भरणारा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे यकृते आणि पक्ष्यांची धडे वेगवेगळी मांडून विकतात. आता तेथे बहुतेक माल बदकाचा असतो. हंसाचे यकृत कमी दिसते आणि महाग असते. जाणकार गिऱ्हाईक अंगठ्याने हलके दाबून बघते. खळगा पडून तसाच राहिला तर यकृत योग्य, रबरासारखे उसळून आले तर ते पुरते भरलेले नाही आणि बोट सहज आत गेले तर ते शिजवताना वितळून तव्यावर नुसते तूप उरणार. चोच आणि पिसे यांनी कोंबडीच्या यकृताबद्दल जे लिहिले आहे ते वाचताना हीच परीक्षा आठवली. फुटण्याच्या अलीकडे थांबलेले यकृत हाच येथे उत्तम माल ठरतो. रक्ताचे डाग असलेले यकृत खालच्या भावात जाते.

कायद्याचेही सांगतो, कारण त्याचा संबंध यकृताच्या आकाराशी आहे. युरोपीय नियमानुसार हंसाचे यकृत किमान ४०० ग्रॅम आणि बदकाचे किमान ३०० ग्रॅम भरले तरच ते या नावाने विकता येते. फ्रान्सच्या २००६ च्या कायद्याने तर हा पदार्थ देशाचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर करताना त्याच्या व्याख्येतच सक्तीने भरवणे घातले. म्हणजे सक्ती न करता कोणी चरबीदार यकृत मिळवले, तर ते फ्रान्सच्या व्याख्येत बसत नाही!

असा प्रयत्न करणारा माणूस स्पेनमध्ये आहे. एक्स्त्रेमादुरा प्रांतातील एदुआर्दो सौसा यांचे हंस मोकळे फिरतात, ओकची फळे व ऑलिव्ह खातात आणि हिवाळ्याच्या तोंडावर स्वतःहून भरपूर खातात. त्यांच्या यकृताला २००६ मध्ये पॅरिसच्या खाद्यप्रदर्शनात पुरस्कार मिळाला, तेव्हा फ्रेंच उत्पादकांनी बराच गहजब केला होता.

प्रतिसाद : सांगोपांग

मृत्यूदराचा आकडा महत्त्वाचा आहे, तो मी विचारात घेतो. पण सौसा यांच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पुढे जातो. हंसाचे यकृत स्वेच्छेनेही चरबी साठवते, मग मूलतः ही क्रिया शरीरधर्माचीच ठरते.

प्रतिसाद : चोच आणि पिसे

क्रिया शरीरधर्माची आहे, मात्रा नाही. फ्रान्समध्येच लांद हंसांवर असे प्रयोग झाले आहेत. आधी खाद्य मर्यादित ठेवायचे, मग दिवसाचा प्रकाश कमी करत मका मनसोक्त उपलब्ध करून द्यायचा. पक्षी आपण होऊन अधाशासारखा खातो आणि यकृत खरोखर मोठे होते. पण त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. शिवाय एकाच कळपात एकाचे यकृत भरघोस वाढते, तर शेजारच्याचे जेमतेम हलते. ज्या पक्ष्याची भूक आधी भागते तो खाणे थांबवतो, हेच त्या तफावतीचे एक कारण आहे. नळी नेमकी ही लगाम काढून टाकते. भूक भागली की थांबणे हा यकृताच्या बचावाचा पहिला भाग आहे आणि तो घशाच्या वरच, डोक्यात असतो.

प्रतिसाद : मळणी

असे यकृत खाणाऱ्या माणसाला काही अपाय होतो का?

प्रतिसाद : चोच आणि पिसे

विषयाच्या कडेचा प्रश्न आहे, म्हणून थोडक्यात. २००७ मध्ये अमेरिकेतील टेनेसीच्या संशोधकांनी बाजारातल्या अशा यकृतांत 'अमायलॉइड' प्रथिनाचे तंतू सापडल्याचे आणि ते खाऊ घातल्यावर असे तंतू अवयवांत साठण्याच्या विकाराची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत तो विकार वेगाने वाढल्याचे प्रसिद्ध केले. उंदरांवरून माणसाबद्दल थेट काही म्हणता येत नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. या जातीचे अमायलॉइड पक्ष्याच्या शरीरात साठते ते दीर्घकाळ चाललेल्या दाहाच्या किंवा ताणाच्या संदर्भात, म्हणून 'दाह मुळीच नाही' हे विधान यकृतापलीकडे, संपूर्ण पक्ष्याला लावताना जपून करावे.

प्रतिसाद : नारळीपोफळी

धागा वाचून धसका घेतला आहे. आमच्या गुहागरजवळच्या वाडीवर राखणीसाठी चार हंस पाळले आहेत. घरातला उरलेला भात, पाव आणि शिळ्या भाकऱ्या त्यांनाच जातात. अलीकडे एक मादी फार जड झाली आहे आणि कुंपणापर्यंत धावून जाण्याऐवजी बसल्या जागेवरून ओरडते. तिच्या यकृताचे असे काही झाले असेल का?

प्रतिसाद : चोच आणि पिसे

सक्तीशिवाय हंसाचे यकृत सहसा एवढे वाढत नाही, त्यामुळे धसका नको. मात्र भात आणि पाव म्हणजे पुन्हा स्टार्चच, प्रथिने आणि कोलीन कमी, शिवाय वाडीवर बसून राहणे. या तिन्हींमुळे यकृतात बेताची चरबी साठू शकते.

तिचे वजन करून इतर तिघांशी ताडून बघा. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. हाडाची धार लागलीच नाही आणि पायांच्या मधे पोट खाली लोंबत असेल, तर ती लठ्ठ आहे. तळपायाला सूज किंवा खपली आहे का, हेही पाहा, कारण जड पक्षी त्यामुळेही बसून राहतो. अंडी घालण्याचा काळ असेल तर अंडे अडकलेले नाही ना, याची खात्री आधी करून घ्या. यकृत बाहेरून चाचपून कळणार नाही. शंका राहिली तर रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करावी लागेल.

भात-पाव बंद करताना तिला उपाशी ठेवू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत जा, त्या जागी गवतावर सोडा, कोथिंबीर-पालकाची देठे द्या आणि धान्याऐवजी बदकांचे तयार खाद्य मिळाले तर ते मोजून द्या. धाप लागत असेल किंवा विष्ठा हिरवी-पातळ होत असेल, तर मात्र या धाग्यावर उत्तराची वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा.